तळमजल्यावरचा तुरुंग

माणूस जगात कुठेही गेला तरी स्वतःचा तुरुंग बरोबर घेऊन जातो. हे वाक्य मी गेल्या मे महिन्यात, हॅम्बर्गच्या विमानतळावरून घरी येताना, बऱ्यापैकी गंभीर होऊन उच्चारलं होतं. बाहेर पाऊस होता. सासूबाई मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या होत्या. सासरे गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच लांबचा प्रवास, आणि अशा वेळी काहीतरी खोल बोललं पाहिजे असं मला उगाचच वाटलं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलाला त्या म्हणाल्या, "तिला विचार, तेवीस किलोत बसतो का तो?"

हे सगळं आज आठवण्याचं कारण म्हणजे एक वास. ऑक्टोबर संपत आलाय. संध्याकाळी ऑफिसातून आले, छत्री दाराबाहेर झटकली, आमच्या इमारतीचं जड लाकडी दार खांद्यानं ढकललं, आणि जिन्यात पाय ठेवताच हिंगाचा वास आला. त्यापाठोपाठ कढीपत्ता. मोहरी जराशी जळली होती, पण हेतू स्वच्छ होता. इथल्या जिन्यांना एरवी लाकडाला लावलेल्या मेणाचा, ओल्या कुत्र्याचा आणि रविवारी भाजलेल्या मांसाचा वास येतो. या इमारतीत हिंग ठेवणारं घर एकच, तिसऱ्या मजल्यावरचं, आणि ते आमचं. पण वास तिथून येत नव्हता. आमच्या घरी त्या वेळी नवरा पास्ता उकडत होता. वास तळमजल्यावरच्या बाईंच्या दाराखालून येत होता. मी ओली छत्री हातात धरून त्या दारासमोर उभी राहिले आणि मला जे काही झालं, त्याला भूक म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

मराठीत या भावनेसाठी शब्दांची चंगळ आहे. हेवा आहे, मत्सर आहे, असूया आहे, द्वेष आहे, आणि कुणाला संस्कृत झेपत नसेल तर जळफळाट आहे. हेवा थोडा गोड असतो, त्यात कौतुकाची साखर असते. असूया शिकलेल्या लोकांना होते. माझं जे झालं होतं तो सरळसरळ जळफळाट होता. आणि त्याचं कारण सांगायला गेलं तर आमच्या सात पिढ्यांतली कुठलीही सून मला ओळख देणार नाही. सासू आपल्याकडे फार लक्ष देते म्हणून जळणाऱ्या सुना पुष्कळ. सासू दुसरीकडे जाऊन बसते म्हणून जळणारी बहुधा मीच पहिली.

तळमजल्यावरच्या बाईंचं आधी सांगते. त्या बंदरावरच्या कस्टम खात्यातून निवृत्त झालेल्या. माणसाकडे बघताना त्या आधी त्याच्या पिशवीकडे बघतात. आमच्या इमारतीच्या जिन्यात ज्या सूचना चिकटवलेल्या आहेत, म्हणजे सायकली इथे ठेवू नयेत, दुपारच्या शांततेच्या वेळात ड्रिल चालवू नये, कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पेटीत टाकावा, त्या सगळ्या त्यांच्या हस्ताक्षरातल्या. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी मी मिक्सरमध्ये चटणी वाटली, तेव्हा त्या तीन मजले चढून वर आल्या होत्या आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाल्या होत्या की आज रविवार आहे. त्यानंतरच्या नऊ वर्षांत आमचं बोलणं 'नमस्कार' आणि 'पाऊस आहे' यापलीकडे गेलं नाही. मी जर्मन भाषेच्या सगळ्या परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले आहे. त्यांच्याशी बोलताना आदरार्थी बहुवचनाची एकही चूक मी कधी केली नाही. तरी त्यांच्या घराचा उंबरठा मी कधी ओलांडला नव्हता आणि आत सोफा कुठल्या रंगाचा आहे हेही मला माहीत नव्हतं.

सासूबाईंशी माझं नातं याहून फार वेगळं होतं असं नाही. भांडण कधीच नव्हतं. भांडायला जेवढी जवळीक लागते तेवढी नव्हती. त्या सांगलीला, आम्ही इथे. आधी यायच्या तेव्हा सासरे बरोबर असायचे आणि ती दोघं एकमेकांत पुरेशी गुंतलेली असायची. त्यांची एक जुनी सवय होती. मी समोर बसलेली असले तरी त्या मला उद्देशून काही बोलायच्या नाहीत, मुलामार्फत निरोप पाठवायच्या. "तिला म्हण, आमटीत चिंच थोडी कमी." "तिला विचार, गरम पाणी आहे का." नवरा बिचारा मधे भिंतीसारखा बसलेला असायचा आणि चेंडू दोन्हीकडून आदळायचा. मीही शहाणपणानं उत्तर त्यालाच द्यायचे.

या वेळी मात्र त्या एकट्या होत्या, आणि दिवस मोठे होते. जूनमध्ये इथे संध्याकाळ संपतच नाही. आम्ही दोघं कामावर. आमची मुलगी, म्हणजे त्यांची नात, शाळेतून यायची, आजीनं काही विचारलं की जर्मनमधलं हो, म्हणजे "या, आज्जी" म्हणायची आणि खोलीत जायची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर द्यायची वेळ आली की तिची जीभ जर्मनीचं नागरिकत्व दाखवते. सासूबाई खिडकीशी बसून समोरच्या झाडावरची कबुतरं बघायच्या. फोनवर मराठी मालिका लावून दिल्या तर म्हणाल्या, "नको. त्यात बायका शालू नेसून झोपतात."

म्हणून त्या तुरुंगाच्या मालिकेचं श्रेय माझं आहे हे मी इथे स्वच्छ शब्दांत नोंदवून ठेवते. मालिका उत्तरेकडच्या एका देशातली. ज्या देशांत गुन्हे फारसे घडत नाहीत तिथले लोक गुन्ह्यांच्या मालिका उत्तम काढतात. त्यांना विचार करायला वेळ मिळतो. गोष्ट एका न्यायाधीश बाईची. साठीला आलेली, कडक, केसांचा घट्ट अंबाडा घालणारी. नवऱ्याच्या खुनाबद्दल तिलाच शिक्षा होते आणि तिची रवानगी एका बेटावरच्या बायकांच्या तुरुंगात होते. तिथल्या अर्ध्या कैदी तिनंच पाठवलेल्या. आता या बायका तिला फाडून खाणार असं आपल्याला वाटतं. त्यांच्या मनात तसं काही नसतं. पहिल्याच आठवड्यात, कपडे धुण्याच्या खोलीत, एकजण येऊन तिच्यासमोर बसते आणि म्हणते, "माझा खटला तू दुपारच्या जेवणाआधी संपवला होतास. आता तुला वेळ आहे. परत ऐक." आणि मग एकेका भागात एकेका बाईचा खटला पुन्हा चालतो. साबणाच्या फेसात, वाफेत, ओल्या चादरींच्या मधे. त्यातच तुरुंगातली एक पहारेकरीण नाहीशी होते. आणि या सगळ्याच्या तळाशी तो एक प्रश्न पडलेला राहतो, की बाईनं नवऱ्याला मारलं की नाही. मारामारी नाही, किंचाळ्या नाहीत, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. वाचकहो, मी सहसा कशाची शिफारस करत नाही, कारण लोक ऐकतात आणि मग भेटतात. पण ही मालिका बघाच.

एका शुक्रवारी मी कपड्यांच्या घड्या घालत ती बघत होते. सासूबाई मटार सोलायला घेऊन आल्या आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या. थोड्या वेळानं मटार सोलण्याचा आवाज थांबला. मग खुर्ची वळली. मग प्रश्न आला, आणि तो खोलीत नसलेल्या मुलाला नव्हता, मला होता.

"काय केलंय गं हिनं?"

"नवऱ्याला मारलं म्हणतात."

सासूबाईंनी त्या बाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मारलं असेल," त्या म्हणाल्या. "काहीतरी कारण असेल." आणि पुन्हा मटाराकडे वळल्या.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. शुक्रवारी एक भाग, शनिवारी एक. एकटीनं बघायचं नाही. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मी वाचून मराठीत सांगायची. आणि मी फार मन लावून सांगायचे. कोण काय म्हणालं एवढंच सांगून थांबायचे नाही. ते का म्हणालं, त्या देशातली न्यायव्यवस्था कशी असते, पार्श्वभूमीला दिसणाऱ्या चर्चचा संदर्भ काय, सगळंच. सासूबाई ऐकायच्या. मधेच त्यांचे शेरे यायचे. "ह्यांच्या कोठडीची खिडकी आपल्या बेडरूमपेक्षा मोठी आहे." "चादर बघ कशी पांढरीशुभ्र. शिक्षा कसली ही, माहेरपण आहे." एकदा पहारेकरणीनं कैद्यांना रांगेत उभं करून कपाटं तपासली, तेव्हा त्या हसायला लागल्या. "माझ्या सासूबाई दर एकादशीला माझा साबुदाण्याचा डबा तपासायच्या, बाहेर जाऊन बटाटेवडा खाल्ला का म्हणून." इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. त्यांच्या मुलालाही माहीत नव्हती. मी विचारलं, "मग खाल्ला होतात का?" त्या म्हणाल्या, "दर एकादशीला." दोन कैदी एका कोठडीत टाकल्यावर जे होतं ते आमचं झालं. आठवडाभर मी शुक्रवारची वाट बघायचे. ऑफिसात विमानांच्या दरवाजांच्या चाचण्यांचे अहवाल तपासताना, कारण दार नीट बंद होतं की नाही हे पाहणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, मला मधेच त्या बेटावरची दारं आठवायची आणि हसू यायचं.

आणि मग एक पार्सल आलं.

इथे पार्सलवाला घरी कुणी नसेल तर शेजाऱ्याकडे ठेवून जातो. आणि आमच्या इमारतीत दिवसभर घरी असणारं, घंटी वाजली की तत्परतेनं दार उघडणारं आणि हातात देईल ते घेणारं माणूस एकाएकी उपलब्ध झालं होतं. त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी सगळ्या इमारतीची पार्सलं घेतली. तळमजल्यावरच्या बाईंचं एक आलं, त्या न्यायला वर आल्या, आणि दुसऱ्या दिवशी आभार म्हणून त्यांनी एका डब्यात रबार्ब नावाच्या आंबट देठांचा केक आणून दिला. पांढरा प्लॅस्टिकचा डबा, लाल झाकण. केकमधलं अंडं दिसत नसल्यामुळे सासूबाई ते धरत नाहीत. केक खाऊन झाला. डबा त्यांनी वेगळा घासला, पंच्यानं पुसला, उन्हात ठेवला. लोकांची वस्तू. आणि अर्थातच तो रिकामा परत जाणार नव्हता. आमच्याकडे रिकामा डबा परत करणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. त्यांनी पातळ पोह्यांचा चिवडा केला, डबा भरला आणि खाली नेऊन दिला.

बाईंना हे अनपेक्षित असावं. तीसेक वर्षं कस्टममध्ये काढलेल्या माणसाला फुकट आलेली वस्तू घरात नांदू देणं जमत नाही. तिसऱ्या दिवशी डबा वर आला, त्यात लाल फळांची खीर. सासूबाईंनी लिंबाचं गोड लोणचं भरून पाठवलं. खालून बटाट्याचं घट्ट सूप आलं. वरून शंकरपाळे गेले. एकीला रीत मोडता येईना, दुसरीला उपकार सोसवेना, आणि डबा तीन मजले वर-खाली करत राहिला. मला गंमत वाटत होती. मी ऑफिसात ही गोष्ट सांगून हशाही मिळवला होता. माणसाला आपली वस्तू चोरीला जाताना दिसत असते आणि तो चोराच्या चपळाईचं कौतुक करत असतो, तसं ते होतं.

जुलैमधल्या एका मंगळवारी माझी एक बैठक रद्द झाली आणि मी दुपारीच घरी आले. घरात सासूबाई नव्हत्या. चपला नव्हत्या, फोन टेबलावर होता. मी घाबरून खाली धावले आणि तळमजल्यावर थबकले. बंद दाराआडून माझ्या न्यायाधीश बाईंचा आवाज येत होता. जर्मनमध्ये. मी घंटी वाजवली. बाईंनी दार उघडलं, आणि त्यांच्या खांद्यावरून मला नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांचा सोफा दिसला. तो मोरपंखी आहे. त्यावर सासूबाई पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर चिवड्याची वाटी. पडद्यावर पहारेकरणीचा बूट सापडत होता, आणि हा प्रसंग आम्ही अजून पाहिलेला नव्हता. त्या आमच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या.

जिना चढताना मी म्हटलं, "आई, आपलं ठरलं होतं ना?"

"अगं, डबा द्यायला गेले होते."

"डबा द्यायला पाच मिनिटं लागतात."

"तिच्याकडे हीच लागली होती. म्हणाली बस. नाही कसं म्हणू? मला जर्मनमध्ये नाही म्हणता येत नाही."

"नाइन म्हणायचं. तेवढं येतं तुम्हाला."

"ते फार उद्धट वाटतं गं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या पुढे जिना चढू लागल्या.

त्यानंतरचे शुक्रवार मी विसरू शकत नाही. त्या माझ्याबरोबर बसायच्या, प्रामाणिकपणे बसायच्या, आणि काहीच पाहिलं नसल्यासारखं करायच्या. अभिनय मात्र त्यांच्याच्यानं होत नसे. पडद्यावरचं दार उघडायच्या आधीच त्या "अगंबाई!" म्हणायच्या. मी एखादं वाक्य मराठीत सांगितलं की हळूच मान हलवायच्या. "तसं नाही म्हणाली ती." मला राहवेना. "तुम्हाला जर्मन येत नाही, आई. त्यांची भाषा तर मलाही येत नाही. मग तुम्हाला कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "तोंडावर दिसतं की." एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "हिनं नवऱ्याला मारलेलं नाही." पहिल्या दिवशी त्यांचं मत अगदी उलट होतं. मत बदलायला काहीच हरकत नाही. पण ते त्यांनी खाली बदललं होतं. माझ्या खुर्चीवर बसून बनवलेलं मत मोरपंखी सोफ्यावर जाऊन मोडलं होतं, आणि ते मला नंतर कळवण्यात आलं होतं.

हळूहळू खालच्या बाईंचं चरित्रही कळू लागलं. त्यांचे यजमानही माझे सासरे गेले त्याच वर्षी गेले. मुलगा म्युनिकला असतो, फार येत नाही. गुडघा उजवा दुखतो. "हे तुम्हाला कुठल्या भाषेत सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. "भाषा कशाला लागते? फोटो दाखवला, हात वर केला. गेला. मग दुसरा फोटो दाखवला, म्युनिक म्हणाली आणि असं तोंड केलं." सासूबाईंनी ते तोंड करून दाखवलं. ते तोंड मी आधी पाहिलेलं होतं. आमच्या लग्नानंतर, आम्ही इथे यायला निघालो तेव्हा, विमानतळाच्या काचेपलीकडून.

नवऱ्याला सांगून पाहिलं. तो आधी समजलाच नाही, मग समजल्यावर फार वेळ हसला. "आल्झो, म्हणजे तू आईवर जळतेस?"

"आईंवर नाही. खालच्या बाईवर."

"गेनाऊ, तेच तर. हे मी सांगलीत सांगितलं तर मावशी मला डॉक्टरकडे नेतील. तुला नाही, मला."

मी माझ्या परीनं प्रयत्न केले. सासूबाईंना बोटीनं बंदर दाखवायला नेलं. अजस्र क्रेन, कंटेनरचे डोंगर, वारा. त्यांनी सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "चारपर्यंत घरी पोचू ना?" चार वाजता काय असतं ते मी विचारलं नाही. आणखी एक तुरुंगाची मालिका शोधून काढली, दक्षिणेकडची, त्यात भुयारं, गोळीबार, पळून जाणं सगळं होतं. अर्धा भाग पाहून त्या म्हणाल्या, "ह्यातले सगळे फारच देखणे आहेत. इतके देखणे लोक तुरुंगात राहत नाहीत." टीका इतकी अचूक होती की मी मालिका बंद केली.

ऑगस्ट उजाडला, परतीचं विमान जवळ आलं. मालिकेचा फक्त शेवटचा भाग राहिला होता. वर आमचाही तोच राहिला होता आणि खालीही. शुक्रवारी मी लावायला गेले की सासूबाई म्हणायच्या, "राहू दे आज." दिवाळीच्या डब्यातली शेवटची करंजी जशी कुणी खात नाही, झाकण उघडून नुसती बघून ठेवतात, तसं त्यांनी चालवलं होतं. मला एवढंच हवं होतं की तो भाग त्यांनी माझ्याबरोबर बघावा. आधी माझ्याबरोबर, खाली नंतर. हे लिहिताना किती क्षुल्लक वाटतं मला कल्पना आहे. पण लग्नाच्या चौदा वर्षांत त्या माझ्याशी थेट बोलायला लागल्या होत्या त्या या एका गोष्टीमुळे, आणि त्या विमानात बसल्या की मधे पुन्हा त्यांचा मुलगा येऊन बसणार होता, हे मला दिसत होतं. फोन त्याच्याच हातात असतो.

निघायच्या आदल्या दिवशी मी रजा घेतली. साहेबांना कौटुंबिक कारण सांगितलं, आणि ते खरं होतं. दुपारी चहा केला, थालीपीठं लावली, टीव्हीसमोरची उशी झटकली. सासूबाई सामान बांधून बाहेर आल्या. नेसून तयार होत्या. हातात तो पांढरा डबा, लाल झाकण, आत चिवडा गच्च भरलेला. त्यांनी चपला पायात सरकवल्या. मी हातातलं उलथनं तसंच धरून उभी राहिले. सासू घरात राहावी म्हणून सुनेनं कुठल्या तोंडानं हट्ट धरायचा, याचा आपल्याकडे पाठच नाही.

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "गॅस बंद कर आणि चल."

"कुठे?"

"खाली. तिनं तुलाही बोलावलंय. आज नाही, पहिल्यापासूनच बोलावते आहे. मीच सांगितलं नाही तुला."

"का?"

सासूबाईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला. अपराधी वगैरे काही दिसल्या नाहीत. "तू आलीस की सांगत बसतेस," त्या म्हणाल्या. "हा असं म्हणाला, त्याचा अर्थ असा, तिकडचा कायदा तसा. चांगलं सांगतेस. पण बाई रडायला लागली की रडू दे ना तिला. मधे कशाला बोलायचं? आम्ही दोघी नुसत्या बघतो." मग दार उघडत, "आज काही सांगायचं नाही. गप्प बसायचं. येणार असशील तर चल."

मी गॅस बंद केला.

मोरपंखी सोफ्यावर मला कडेची जागा मिळाली. शेवटचा भाग मी जर्मनमध्ये, तोंड घट्ट मिटून पाहिला. गोष्ट सांगत नाही, तुम्ही बघा. एवढंच सांगते की शेवटी एक दार उघडतं, बराच वेळ उघडं राहतं, आणि न्यायाधीश बाई लगेच उठत नाहीत. त्या वेळी मी पडद्याकडे पाहत नव्हते. तळमजल्यावरच्या बाईंनी सासूबाईंचा हात धरला होता. दोघी रडत होत्या, पण एकमेकींकडे न बघता, शिस्तीत. सासूबाईंचा दुसरा हात माझ्या बाजूला होता. तो चिवड्याच्या वाटीत होता. पडदा काळा झाल्यावर सासूबाई बाईंना म्हणाल्या, "बघ! सांगितलं होतं." बाईही त्याच क्षणी जर्मनमध्ये म्हणाल्या, "पाहिलंत? मी म्हणतच होते." दोघींची मतं शेवटपर्यंत वेगळी होती. आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरीला अखेर पटलं. मला दोन्ही भाषा येत होत्या. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई डबा वर घेऊन आल्या. प्रवासासाठी केक. सासूबाईंनी केक कागदात बांधून पिशवीत घातला, डबा घासून ओट्यावर पालथा घातला आणि निघता निघता म्हणाल्या, "रिकामा देऊ नकोस हं." नवरा तिथेच उभा होता. तरी त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

त्यानंतर तो डबा आमच्या ओट्यावरच होता. कामं होती, चिवडा करायला वेळ नव्हता, अशी कारणं मी स्वतःला देत आले. खरं म्हणजे तो खाली गेला की या प्रकरणात माझ्या हाती काहीच राहणार नव्हतं. आणि आज जिन्यात तो हिंगाचा वास. मी वर गेले, डबा घेतला, घरात जे होतं ते त्यात भरलं, म्हणजे नवऱ्याचा पास्ता, आणि खाली उतरले. बाईंनी दार उघडलं. ओट्यावर कढई, कढईत पोहे, आणि बरणीला टेकवून उभा केलेला फोन. फोनमध्ये सांगलीतलं स्वयंपाकघर आणि सासूबाईंचा मोठा चेहरा. त्या मोहरी किती वेळ तडतडू द्यायची ते हातवारे करून शिकवत होत्या. "आलीस का!" त्या मला म्हणाल्या. "बस. दुसरा सीझन आलाय. इकडे मी लावते, तिकडे ती लावते, एकदम. आणि तू..."

"माहीत आहे, आई."

मी कडेला बसले. जळफळाट होताच, तो काही गेलेला नाही. पण मनात आलं, की माणसं जातात, उन्हाळे जातात, परीक्षा देऊन मिळवलेल्या भाषाही ऐन वेळी कामाला येत नाहीत, आणि तीन मजल्यांचा जिना चढत-उतरत राहतो तो एक साधा डबा. आपल्या आज्या-पणज्यांनी कधीकाळी घालून दिलेली एक रीत समुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईला बांधून ठेवते. एवढ्यात बाईंनी माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडून पास्त्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "एक विचारू? हा डबा दुकानातल्या बटाट्याच्या सॅलडचा आहे. परत द्यावा लागू नये म्हणूनच मी केक त्यातून दिला होता. तुमच्या सासूबाई तो घासून का आणतात?"

"काय म्हणाली गं ती?" फोनमधून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. डबा मिळाला म्हणाल्या."

असे डबे इथे पिवळ्या पेटीत टाकायचे असतात. तशी सूचना जिन्यात लावलेली आहे, बाईंच्याच हस्ताक्षरात.